चार गाभण कालवडी एकदम घेऊ का?

पत्र थोडक्यात: फलटण तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे, नाव-गाव अर्थातच देत नाही. नवरा चाकणला कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी येतो. घरी त्या, सासूबाई आणि शाळेतली दोन मुलं. दीड एकर बागायत, त्यात मका आणि नेपियर गवत. गोठ्यात दोन संकरित गायी आहेत, दोन्हींचं मिळून १८-२० लिटर दूध रोज केंद्रावर जातं. आता ओळखीच्या एका हेड्याने (जनावरांच्या दलालाने) सांगितलंय की कर्नाटकातून गाडी येतेय, त्यात चार एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) कालवडी आहेत, सगळ्या आठ महिन्यांच्या गाभण, एकीला ८५ हजार, आणि विल्यावर २० लिटरची गॅरंटी. पैशांसाठी दागिने तारण ठेवून दोन लाख आणि बचत गटाचे दीड लाख, असे साडेतीन लाख उभे राहतात. सासूबाई म्हणतात पोटातलं कुणी बघितलंय, घ्यायची तर दुभती घ्या. नवरा म्हणतो तू ठरव. ताई विचारतात, "दुभती चांगली गाय सव्वा लाखाच्या खाली मिळत नाही, गाभण स्वस्त पडते, वर वासरू फुकट. मग गाभण घेण्यात चुकतंय काय? आणि चार घेऊ की दोन?"

उत्तर:

ताई, गाभण जनावर घेण्यात काहीच चूक नाही. आपल्याकडे कितीतरी चांगले गोठे असेच उभे राहिलेत, एखादी गाभण कालवड आणली, ती दारात व्याली, तिची कालवड मोठी झाली, आणि दहा वर्षांनी दावणीला बारा जनावरं. त्यामुळे सासूबाईंसारखं "नकोच" असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या पत्रात तीन गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात, की ती स्वस्त आहे, ती आठ महिन्यांची आहे, आणि ती २० लिटर देणार आहे. या तिन्ही गोष्टी सांगणारा माणूस एकच आहे आणि तोच विकणारा आहे. तेव्हा आधी त्या तिन्हींकडे बघू, मग चार की दोन ते ठरवू.

स्वस्तचं आधी. चार गुणिले ८५ म्हणजे ३ लाख ४० हजार. तुमच्याकडे साडेतीन लाख. म्हणजे गाडीभाडं, हमाली, डॉक्टरची फी, विमा, दावणीची डागडुजी आणि पुढचा खुराक हे सगळं दहा हजारात? कोरड्या गाभण जनावराला दिवसाला तीन किलो पेंड तर घालावीच लागते, शेवटच्या महिन्यात जास्तच. पेंड ३२ रुपये किलो धरली तर साधारण शंभर रुपये, आणि हिरवा-वाळला चारा घरचा असला तरी त्याचे ऐंशी रुपये धरा, कारण दीड एकरात सहा मोठ्या गायींचा चारा निघत नाही, थोडा विकत घ्यावाच लागणार. म्हणजे एका गायीमागे १८० च्या आसपास आणि चार गायींचे दिवसाला ७०० रुपये, एक थेंब दूध नसताना. हेडी म्हणतो तशा खरंच आठ महिन्यांच्या निघाल्या तर चाळीस दिवसांत २८ हजार. आणि सहा महिन्यांच्या निघाल्या तर शंभर दिवस, ७० हजार. व्याल्यावरही पहिले चार-पाच दिवस चीक असतो, तो केंद्रावर चालत नाही, मग दहा दिवसांनी पहिलं बिल. आणि बचत गटाचा हप्ता? तो पुढच्या महिन्यापासूनच सुरू. मग हा हप्ता सध्याच्या दोन गायींच्या दुधातून जाणार, म्हणजे आज ज्यावर घर चालतंय त्यातून. दुभती गाय सव्वा लाखाला महाग वाटते खरी पण ती दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावर दूध घालते, हा फरक किमतीत धरूनच तुलना करायला पाहिजे.

वासरू फुकट म्हणता, त्याचंही थोडं. निम्म्या वेळा गोऱ्हा (नर वासरू) होणार. एचएफचा गोऱ्हा कुणी विकत घेत नाही, त्याला दूध पाजायचं, सांभाळायचं आणि पुढे काय करायचं हा प्रश्न आज प्रत्येक गोठ्यात आहे, २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर तर जास्तच. कृत्रिम रेतन लिंगवर्गीकृत वीर्याचं असेल तर कालवड होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते, पण मग त्याची नोंद पाहिजे, कांडीचा (वीर्याच्या नळीचा) नंबर पाहिजे. नुसतं तोंडाने "सेक्स्ड सिमेनची आहे" म्हटलं की पाच हजार वाढतात हे मी बघितलंय. आणि कालवड जरी झाली तरी ती दुधाला यायला सव्वादोन ते अडीच वर्षं खाणार. ती मिळकत आहे हे खरं, पण लांबची आहे.

आता "आठ महिन्यांची गाभण". हे कुणी तपासलं? हात घालून तपासणारा चांगला डॉक्टर दोन-अडीच महिन्यांपासून पुढे गाभण आहे की नाही हे खात्रीने सांगतो, सोनोग्राफी असेल तर महिन्याभरातही कळतं. पण मध्ये एक काळ असा असतो, साधारण चार ते सहा महिने, तेव्हा गर्भाशय वजनाने खाली पोटात उतरलेलं असतं आणि वासरू हाताला लागतच नाही. तेव्हा डॉक्टर गर्भाशयाच्या मोठ्या रक्तवाहिनीतली थरथर बोटाने बघतात आणि गर्भाशयाच्या भिंतीवरचे बटणासारखे उंचवटे चाचपतात, त्यावरून अंदाज सांगतात. अंदाजच तो, दोन-तीन आठवडे इकडे तिकडे होणार. बाजारात उभ्या उभ्या पोटावर बुक्की मारून "बघा वासरू हलतंय" म्हणणारा माणूस काही सिद्ध करत नसतो, पोट तर भरपूर चारा आणि पाणी पाजलं तरी सुटतं.

तारखेचा खरा पुरावा एकच, रेतनाची नोंद. गाय भरवल्यापासून साधारण २८० दिवसांनी विते. सोपा हिशोब म्हणजे रेतनाच्या तारखेपासून तीन महिने मागे जायचं आणि सात दिवस वाढवायचे, १० ऑगस्टला भरवली असेल तर पुढच्या वर्षी १७ मेच्या आगेमागे. ज्याच्याकडे तारीखच नाही त्याने "आठ महिने" हा आकडा कुठून काढला ते विचारा, बघा काय उत्तर येतंय. बऱ्याच वेळा असंही झालेलं असतं की गाय भरवली, उलटली (गाभण न राहता परत माजावर आली), परत भरवली, आणि मालक पहिलीच तारीख सांगतो. खोटं बोलतो असंही नाही, वहीच नसते.

मग राहिली २० लिटरची गॅरंटी. ताई, तुम्ही स्वतः धार काढता, तुम्हाला माहितीये की गाय वेतभर एकच दूध देत नाही. व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत ती शिगेला जाते आणि मग हळूहळू उतरते. ढोबळ हिशोब असा की शिगेचं जेवढं दूध त्याच्या दोनशे पट वेतभराचं. म्हणजे २० लिटरची गाय ३०५ दिवसांत साधारण ४,००० लिटर देते, सरासरी १३ लिटर. आणि पहिलारू (पहिल्यांदा विणारी) कालवड तिच्या भर वयातल्या दुधाच्या ७०-७५ टक्केच देते, तिचं अजून अंग वाढत असतं. म्हणजे पहिल्या वेताला शिगेचे २० लिटर देणारी कालवड ही पुढे २७-२८ लिटरची गाय होणार, असली गाय ८५ हजाराला कोण विकेल? पहिल्या वेताला १४-१५ लिटर धरा. पहिलारूचं दूध जरा सावकाश उतरतं, त्यामुळे वेतभरात ३,०००-३,२०० लिटर होतील, ३० रुपये दराने ९० ते ९६ हजार, त्यातून खुराक-चारा वजा करायचा. आणि दर तीसच राहील हे कुणी सांगावं? २०२४ मध्ये दर इतके पडले की सरकारला लिटरमागे आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान द्यावं लागलं, हे तुम्ही भोगलंच असेल. त्यामुळे हप्त्याचा हिशोब २५ रुपये दराने करून बघा, तेव्हाही जमत असेल तरच पुढे जा.

हेड्याची गॅरंटी म्हणजे नेमकं काय, हेही विचारा. व्याली आणि नऊच लिटर दूध आलं तर तो काय करणार? गाय परत नेणार? पैसे देणार? रुमालाखाली हात घालून बोटांवर होणाऱ्या सौद्यात गॅरंटीला तोंडाच्या वाफेपलीकडे किंमत नसते, आणि दोन महिन्यांनी तुम्ही फोन कराल तेव्हा तो म्हणेल "ताई तुमच्या खुराकात कमी पडलं असेल". सगळेच हेडी लबाड नसतात, वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात धंदा करणारे पत सांभाळून असतात, पण परराज्यातल्या गाडीतली गाय त्यालाही कालच दिसलेली असते, तिच्या मागच्या इतिहासाची त्यालाच कल्पना नसते तर तो तुम्हाला काय सांगणार.

आणि हाच माझा खरा मुद्दा आहे. गाभण कोरडं जनावर हे एकमेव जनावर असं आहे की ज्याचं दूध विकत घेण्याआधी बघताच येत नाही. दुभती असेल तर तीन धारा उभं राहून काढून बघता येतात (तिथेही लबाडी होते, आदल्या दिवशीचं दूध न काढता कास तटवून आणतात, म्हणून एका धारेवर कधीच विश्वास ठेवू नये, पहिली धार सोडूनच द्यायची आणि पुढच्या दोन मोजायच्या). पण कोरड्या गायीचं एखादं सड दगडीने (कासेच्या सुजेने) मेलेलं असेल तर ते व्याल्यावरच कळतं, चारातलं एक सड गेलं म्हणजे जवळजवळ पाव दूध गेलं. कालवडीत तर काहीच इतिहास नसतो. सासूबाई म्हणतात ते या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे.

मात्र तुमचंही बरोबर आहे, ते असं. गाभण जनावरात एक गोष्ट सिद्ध झालेली असते की ती गाभण राहते. आजकाल संकरित गायींमध्ये वारंवार उलटणं हे इतकं वाढलंय की गाभण राहणं हेच अर्धं प्रमाणपत्र. ताजी व्यालेली दुभती गाय घेतली आणि ती पुढे चार-पाच वेळा उलटली तर सव्वा लाख तिथेच अडकले. दुसरं, जनावर विण्याच्या दीड-दोन महिने आधी तुमच्या गोठ्यात आलं तर तुमच्या गोठ्यातल्या जंतूंची त्याला ओळख होते आणि ती ताकद चिकातून वासराला मिळते, ऐनवेळी आणलेल्या गायीच्या वासराला ती मिळत नाही. तिसरं, ती तुमच्या हाताला, आवाजाला सवय होऊन विते, पान्हा चोरत नाही. पण बघा, हे सगळे फायदे मिळायला ती वेळेत यायला पाहिजे, आठव्या महिन्यात ट्रकमधून शेकडो किलोमीटर हिंदकळत नव्हे. त्या प्रवासात गाय पडली, घसरली, दिवसभर उपाशी-तहानलेली राहिली तर गाभडण्याचा (गर्भ पडण्याचा) धोका, शिवाय प्रवासाच्या ताणाने अंगातला दबलेला गोचीड ताप उसळतो. गाडीतून उतरताना ठणठणीत आणि आठ-दहा दिवसांनी १०५ ताप, खांद्याच्या पुढची गाठ सुजलेली, खाणं बंद, असं कितीतरी गोठ्यांत होतं. वेळेत ओळखलं तर उपचार आहे पण औषध महाग आहे आणि गाभण जनावराची ओढाताण होतेच.

आणखी एक रोग आहे, त्याचं नाव बाजारात कुणी काढत नाही. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. यात गाय धडधाकट दिसते, खाते-पिते आणि सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते, वार (वासरामागून पडणारं आवरण) अडकते, आणि त्या वारेतून, स्रावातून गोठ्यातल्या बाकी गायींना लागण होते. तुमच्या सध्याच्या दोन गायी ज्यावर घर चालतंय त्यांनाही. आणि माणसालाही होतो हा, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो कारण वार उचलायचं, वासरू ओढायचं काम घरात बायकाच उघड्या हाताने करतात. चढउतार होणारा ताप, सांधे धरणं, महिनोन् महिने बरं न वाटणं, आणि डॉक्टर टायफॉइड-मलेरियाच्या तपासण्या करत बसतात. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गाभण जनावराचं रक्त तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. सरकारी दवाखान्यातून नमुना घेता येतो, पुण्याला औंधमध्ये पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. आणि विण्याच्या तोंडावर केलेली चाचणी कधी कधी चुकून निगेटिव्ह येते, म्हणून व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा करायची. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस एकदाच देतात, तुमच्या घरच्या कालवडींना दिली नसेल तर द्या, ती सरकारी कार्यक्रमात मिळते.

मग करायचं काय? माझ्या मते तुम्ही ज्या दोन गोष्टींत अडकला आहात, कोरडी गाभण की ताजी दुभती, त्यांच्या मध्ये एक तिसरं जनावर आहे आणि ते तुमच्या परिस्थितीला सगळ्यात जास्त बसतं. दूध देती आणि चार-पाच महिन्यांची गाभण. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वेताची. तिचं दूध उतरलेलं असतं, आठ-नऊ लिटरवर आलेलं, त्यामुळे बाजारात तिला उठाव कमी, कारण गिऱ्हाईक एकतर भरलेली कास बघतं नाहीतर सुटलेलं पोट. पण तिची धार काढून बघता येते, चारही सडं कळतात, गाभण असल्याचं डॉक्टर सांगू शकतो, ती आल्यापासून आपल्या खुराकाचे पैसे आपण काढते, दोन-अडीच महिन्यांनी तुम्ही स्वतः तिला आटवता, आणि विण्याआधी ती तुमच्या गोठ्यात चार-पाच महिने राहिलेली असते. अशी गाय लगेच मालामाल करणार नाही, पण हप्ता सुरू असताना तुमच्या डोक्यावरही बसणार नाही.

अशी गाय शोधायची कुठे तर बाजारात नाही. काष्टीचा शनिवारचा बाजार असो की सांगोल्याचा रविवारचा, तिथे जरूर जा, भाव कळतात, नजर तयार होते, पण पहिली खरेदी तिथे नको. तुमच्या केंद्राचा सचिव आणि तुमच्या भागात रेतन करणारा माणूस या दोघांना विचारा. पंचक्रोशीतल्या कुठल्या गायीने किती दूध दिलं हे एकाच्या रजिस्टरला असतं आणि कुठली गाय कितव्यांदा भरवली हे दुसऱ्याच्या वहीत. १९६७ मध्ये सुरू झालेल्या उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेने घरोघर रेतनाची पद्धत आपल्याकडे रुजवली, तेव्हापासून ही वही गावोगाव आहे, आपणच ती बघत नाही. मालकाकडून केंद्राच्या मागच्या चार-सहा महिन्यांच्या स्लिपा मागा, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं छापलेलं असतं. स्लिप सगळ्या गोठ्याची असते हे खरं, पण दोनच गायी असतील तर अंदाज येतोच.

विचारायचा मोठा प्रश्न म्हणजे, का विकताय? चारा नाही, लेकीचं लग्न आहे, पोरगं पुण्याला गेलं आता धार काढायला कुणी नाही, ही कारणं रोजच्या जगण्यातली आहेत आणि खरी निघतात. "अशीच, जास्त झाल्यात" म्हणाला तर शेजारच्या घरी चहा प्या. मागच्या वेळी गाभडली होती का, वार अडकली होती का, लाथ मारते का, हे शेजारी सांगतात, मालक नाही.

बघायला जाताना धारेच्या वेळेला जा, न सांगता गेलात तर उत्तम. धार स्वतः काढा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन पिळ्या काळ्या कपड्यावर घ्या, गुठळ्या लगेच दिसतात. धार झाल्यावर कास चाचपा, रिकामी कास कापडी पिशवीसारखी मऊ पडायला हवी, आत गाठ लागली तर जुनी दगडी समजा. मात्र कोरडी गाभण बघत असाल तर "दाखवतो" म्हणून त्याला सड पिळू देऊ नका, सडाच्या तोंडाशी निसर्गाने घातलेलं बूच असतं ते निघालं की दगडीला दार उघडलं. अशा गायीची कास नुसती बाहेरून चाचपायची. दात बघा. दोन दाती म्हणजे दोन-अडीच वर्षांची, चार दाती तीनच्या आसपास. पहिलारू म्हणून सांगतायत आणि दात सहा किंवा जुळलेले (सगळे आलेले), तर एकतर तिने गाभण राहायला फार त्रास दिलाय नाहीतर हे पहिलं वेत नाहीच. चालवून बघा, खुरं बघा, शेपटीखाली आणि कासेच्या मागे गोचीड बघा.

कानातला बारा अंकी बिल्ला तर पाहिजेच. बिल्ल्याशिवाय आता खरेदी-विक्री होत नाही आणि दुधाच्या अनुदानाला पण तोच नंबर लागला होता. तुमच्या पशुवैद्यकाला तो भारत पशुधन ॲपवर टाकायला सांगा, रेतन आणि लसीकरणाची नोंद झालेली असेल तर तिथे दिसते, नसेल तर नाही, पण जनावराचं वय आणि मालकाचं नाव तरी जुळतंय का ते कळतं. खरेदीनंतर मालकी तुमच्या नावावर करून घ्यायला विसरू नका, लोक विसरतात आणि मग विम्याला अडतं. विमा लगेच काढा, पण बऱ्याच पॉलिसींत सुरुवातीचे पंधरा दिवस आजाराने गेली तर क्लेम मिळत नाही हे वाचून घ्या. दुसऱ्या गावाहून गाडीने आणताना पशुवैद्यकाचा प्रवासाचा दाखला आणि खरेदीची पावती गाडीत ठेवा, रस्त्यात अडवलं तर नुसत्या तोंडाने सांगून भागत नाही.

सौदा करताना विसार द्या, बाकीचे पैसे तुमच्या डॉक्टरची तपासणी आणि रक्ताचा रिपोर्ट आल्यावर. साध्या कागदावर लिहून घ्या की गाय अमुक तारखेला भरवलेली, गाभण आहे, चारही सडं चालू आहेत, रिपोर्ट खराब आला तर विसार परत. कोर्टात जाण्यासाठी नाही, पण ज्याला सही करायला जड जातं तो माणूस कळतो.

आल्यावर तीन आठवडे वेगळी बांधा, वेगळी बादली, आणि तुमच्या गायींची धार आधी, तिची शेवटी. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावा, शंभरेक रुपयांची वस्तू आहे. तिच्या जुन्या मालकाकडून आठवड्याचा खुराक आणा आणि हळूहळू तुमचा मिसळा, एकदम मुरघासावर (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्यावर) आणली तर पोट बिघडतं. आटवल्यावर लोक हौसेने कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात, ते बंद ठेवा, त्या काळात कॅल्शियम जास्त झालं की विल्यावर दुग्धज्वर यायचा धोका वाढतो, तिसऱ्या वेतापासून पुढे तर फारच. व्याली आणि मान पोटाकडे वळवून बसली, कान गार, उठत नाही, तर तोंडातून काही पाजू नका, ठसका लागून मरते, ताबडतोब डॉक्टर बोलवा, शिरेतून कॅल्शियम गेलं की बऱ्याचदा तासाभरात उभी राहते. १९६२ हा सरकारी फिरत्या पथकाचा नंबर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. वार बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर, पण दगड बांधणं, ओढणं अजिबात नाही. हातमोजे घालूनच हात लावायचा आणि वार खड्ड्यात चुन्यासकट पुरायची, कुत्र्यांना टाकायची नाही. वासराला पहिल्या दोन तासांत चीक, वार पडायची वाट न बघता.

आता चार की दोन. ताई, चारही कालवडी एकाच गाडीतल्या, एकाच वेळच्या गाभण, म्हणजे एकाच पंधरवड्यात विणार. त्यातली एखादी रात्री दोन वाजता अडली तर तुमच्यासोबत कोण आहे? सासूबाई आणि दोन मुलं. कालवडीची पहिली वीण अडण्याची शक्यता जास्त असते, त्यात तिला मोठ्या हाडाच्या वळूचं वीर्य दिलेलं असेल तर अजून, आणि ते आपल्याला माहीत नाही. शिवाय सगळ्या एकदम विल्या की सगळ्या एकदम आटणार, म्हणजे चार महिने केंद्रावर रांजण आणि नंतर ठणठणाट, हप्ता मात्र दर महिन्याला. आणि आत्ता फेब्रुवारी चाललाय, आठ महिन्यांच्या म्हणजे मार्च-एप्रिलात विणार, फलटणच्या उन्हाळ्यात एचएफ गाय शिगेचं दूध देणार कशी? ती धापा टाकेल, खाणं सोडेल, आणि उन्हाळ्यात परत गाभणही लवकर राहणार नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरात विणारी गाय आपल्या हवेला बसते.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर ही गाडी जाऊ दिली असती. दागिने तारण ठेवायची गरज नाही, बचत गटाच्या दीड लाखातच एक दुभती-गाभण गाय बघा, तिच्या किमतीनंतर जे उरेल ते खुराकासाठी बाजूला, त्याला हात लावायचा नाही. ती एकदा व्यवस्थित विली, दूध कळलं, की पुढच्या दिवाळीच्या आत दुसरी, तिच्यापेक्षा तीन-चार महिने मागे विणारी. आणि घरच्या ज्या दोन आहेत त्यातल्या चांगलीला पुढच्या माजाला लिंगवर्गीकृत कांडी भरवा. ती कालवड तुम्हाला आई-बापासकट माहीत असेल.

नवरा "तू ठरव" म्हणतो हे चांगलंच आहे, पण कर्ज तुमच्या नावावर असेल आणि रात्रीची वीण तुमच्या एकटीवर असेल तर ठरवण्यासोबत रजा टाकायचंही त्याच्याशी बोलून ठेवा, तारीख हातात असेल तर विण्याच्या आठवड्याची रजा आधी मागता येते. आणि हेडी परवा परत फोन करेल, "गाडी भरली, दोनच राहिल्यात" म्हणेल. त्याला एवढंच विचारा, माझ्या डॉक्टरने तपासून आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत चार-पाच दिवस थांबशील का? हो म्हणाला तर त्याच्याकडची एखादी बघायला हरकत नाही, पण सहा महिन्यांच्या आतली, रेतनाच्या नोंदीसकट, आणि आणताना सोबत आणखी एक नको.